स्तन काढल्यावर नवा करता येतो, पण तो कसा असतो?

ऑक्टोबर आला की गुलाबी फिती दिसू लागतात, इमारतींवर गुलाबी दिवे लागतात, स्तनाच्या कॅन्सरवर भाषणं होतात. गाठ कशी तपासायची हे आता बऱ्याच जणींना सांगता येतं. पण गाठ कॅन्सरची निघाली, स्तन काढावा लागला, तर त्यानंतर छातीवर काय उरतं आणि काय करता येतं, ह्यावर अजून कुजबुजच चालते. जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सरविषयक संस्थेच्या अंदाजानुसार २०२२ साली भारतात सुमारे १ लाख ९२ हजार बायकांना नव्याने हा कॅन्सर झाला. आपल्याकडे बायका डॉक्टरकडे उशिरा पोचतात, त्यामुळे त्यांतल्या बऱ्याच जणींचा अख्खा स्तन काढावा लागतो.

माझ्या काकूंच्या ऑपरेशनला वीस वर्षं झाली. नवा स्तन करता येतो हे तेव्हा त्यांना कुणी सांगितलंच नाही. त्यांनी जुन्या लुगड्याची मऊ घडी ब्लाउजमध्ये आतून शिवून घेतली आणि तो विषय तिथेच संपला. गेल्या वर्षी माझ्या मावसबहिणीला हेच निदान झालं, तेव्हा सर्जननी पहिल्याच भेटीत विचारलं, "रिकन्स्ट्रक्शन करायचंय का? परवापर्यंत सांगा." आम्ही तिघी बाहेरच्या बाकावर बसलो, आणि तो शब्द नेमका कशाला म्हणतात हेच कुणाला ठाऊक नव्हतं. तेव्हा हवी होती ती माहिती इथे लिहिते आहे.

### आधी काढतात काय?

स्तन काढण्याच्या शस्त्रक्रियेला मॅस्टेक्टॉमी म्हणतात. गाठ लहान असेल तर नुसती गाठ आणि भोवतालचा थोडा भाग काढून बाकीचा स्तन वाचवता येतो, आणि त्यानंतर बहुधा रेडिएशन देतात. त्याला आपल्याकडे कुणी 'शेक' म्हणतं, कुणी 'लाइट'. गाठ मोठी असेल, एकाहून जास्त ठिकाणी असेल, किंवा रेडिएशन देता येण्यासारखं नसेल, तर अख्खा स्तन काढतात.

अख्खा काढण्याचेही प्रकार आहेत. उशी डोळ्यांपुढे आणा. वरची त्वचा म्हणजे अभ्रा, आतल्या ग्रंथी आणि चरबी म्हणजे कापूस. जुन्या पद्धतीत कापूस, अभ्र्याचा मोठा भाग आणि स्तनाग्र असं सगळंच जातं, आणि छातीवर एक आडवी सपाट शिवण राहते. त्वचा राखणाऱ्या पद्धतीत अभ्रा बराचसा तसाच ठेवून आतला कापूस काढून घेतात. गाठ स्तनाग्रापासून लांब असेल तर काही जणींचं स्तनाग्रही वाचवता येतं. पुनर्रचना, म्हणजेच ते 'रिकन्स्ट्रक्शन', म्हणजे ह्या रिकाम्या अभ्र्यात पुन्हा काहीतरी भरणं. अभ्राच उरला नसेल तर आधी नव्या कापडाची सोय करावी लागते.

### कात्री लावण्याआधी विचारायचं

ब्लाउजचं कापड कापून झाल्यावर शिंप्याला "बाही जरा लांब ठेवा" म्हणण्यात अर्थ नसतो. इथेही तसंच आहे. स्तन काढायच्या ऑपरेशनमध्येच पुनर्रचना करायची असेल तर त्वचा किती ठेवायची, चीर कुठे द्यायची, हे कॅन्सरचे सर्जन आणि प्लास्टिक सर्जन यांनी आधी मिळून ठरवावं लागतं. म्हणून पहिल्या ऑपरेशनच्या आधीच एकदा प्लास्टिक सर्जनना भेटून घ्यावं, पुढे करायचं नाही असं ठरलं तरी. "आधी कॅन्सरचं बघू, बाकीचं नंतर" असं घरचे म्हणतात. त्यांची काळजी खरी असते, पण ह्या एका बाबतीत तो सल्ला महाग पडू शकतो.

अर्थात नंतर केलेली पुनर्रचनाही पुनर्रचनाच, आणि कित्येकींसाठी तीच योग्य असते. ऑपरेशननंतर रेडिएशन लागणार हे नक्की असेल, मधुमेह ताब्यात नसेल किंवा आजार पसरलेला असेल, तर डॉक्टर थांबायला सांगतात. रेडिएशननंतर पुनर्रचनेसाठी साधारण सहा महिने ते वर्षभर जाऊ देतात. पाच वर्षांनी, दहा वर्षांनीही ती करता येते. तेव्हा अभ्रा नसतो, त्यामुळे काम वाढतं, इतकंच.

एकाच ऑपरेशनमध्ये सगळं केलं तर केमोला उशीर होईल का, ही रास्त शंका आहे. केमो साधारण चार ते सहा आठवड्यांत सुरू होते आणि जखम नीट भरली तर त्या वेळात सगळं बसतं. जखम चिघळली तर मात्र उशीर होतो. ज्यांच्यात जखम न भरण्याचा धोका जास्त, त्यांना सर्जन सबुरीने घ्यायला सांगतात ते ह्यासाठीच.

### पहिला मार्ग: इम्प्लांट

इम्प्लांट म्हणजे सिलिकॉनची पिशवी. आत सिलिकॉनचंच घट्ट जेल असतं किंवा मिठाचं पाणी. पहिली सिलिकॉनची पिशवी १९६२ साली अमेरिकेत ह्यूस्टनमध्ये बसवली गेली, म्हणजे ह्या तंत्राला साठ वर्षं उलटून गेली.

पुरेशी त्वचा उरली असेल तर ती थेट बसवतात. नसेल तर काम दोन टप्प्यांत होतं. आधी छातीच्या स्नायूखाली किंवा वर एक रिकामा फुगा ठेवतात, त्याचं नाव एक्स्पांडर. जखम भरली की दर एक-दोन आठवड्यांनी त्यात सुईने थोडं थोडं मिठाचं पाणी भरतात. गरोदरपणात पोटाची कातडी हळूहळू ताणत जाते, तशी छातीची त्वचा ताणली जाते. भरल्यावर एक-दोन दिवस छाती आवळल्यासारखी वाटते. हवा तो आकार आला की काही महिन्यांनी छोट्या ऑपरेशनने फुगा काढून इम्प्लांट ठेवतात.

ह्यात ऑपरेशन लहान असतं आणि शरीरावर दुसरीकडे कुठेही जखम होत नाही. कडेवर लहान मूल असलेल्या किंवा लवकर कामावर परतायलाच हवं अशा बाईला हे सोयीचं वाटतं. पण पिशवी शेवटी परकी वस्तू. बाभळीचा काटा मोडून आत राहिला की शरीर त्याच्याभोवती आवरण तयार करतं, तसंच आवरण इम्प्लांटभोवतीही होतं. ते पातळ आणि मऊ राहिलं तर काही कळतही नाही. काही जणींमध्ये मात्र ते आकसतं, स्तन कडक होतो, वर सरकतो, दुखतो. रेडिएशन घेतलेल्यांमध्ये असं होण्याचं प्रमाण बरंच जास्त आहे, म्हणून रेडिएशन ठरलेलं असताना इम्प्लांटचा निर्णय घाईने घेऊ नये.

शिवाय इम्प्लांट जन्मभराचं नसतं. दहा-पंधरा वर्षांत किंवा त्याआधीही ते बदलावं लागू शकतं. चाळिशीतल्या बाईने आयुष्यात आणखी एखादं ऑपरेशन धरूनच चालावं.

"सिलिकॉननेच कॅन्सर होतो म्हणतात", हे वाक्य बाकावर बसल्या बसल्या आम्ही दोघीतिघींकडून ऐकलं. त्यामागे थोडा इतिहास आहे. १९९२ मध्ये अमेरिकेच्या औषध नियामकाने सिलिकॉन जेलच्या इम्प्लांटवर कडक निर्बंध घातले. त्यांच्यामुळे संधिवातासारखे आजार होतात अशी शंका होती. पुढच्या अभ्यासांत तसा ठोस संबंध दिसला नाही आणि नोव्हेंबर २००६ मध्ये परवानगी परत मिळाली. दुसरी गोष्ट मात्र खरी निघाली. खरखरीत पृष्ठभागाच्या इम्प्लांटभोवती लिम्फोमा नावाच्या कॅन्सरचा एक दुर्मीळ प्रकार होऊ शकतो, आणि त्यामुळे जुलै २०१९ मध्ये ॲलर्गन कंपनीने आपली तशी इम्प्लांट्स जगभरातून मागे घेतली. म्हणून आपल्याला कुठलं बसवणार, गुळगुळीत की खरखरीत, हे विचारावं. त्याचं कार्ड मागून घ्यावं आणि घराच्या कागदपत्रांबरोबर जपून ठेवावं. बऱ्याच वर्षांनी इम्प्लांट लावलेली बाजू अचानक सुजली तर हे कार्ड घेऊन डॉक्टरकडे जायचं.

### दुसरा मार्ग: स्वतःच्याच शरीरातलं

ह्या मार्गाची गोष्ट सांगताना पुण्याला जावं लागतं. १७९२ च्या लढाईत इंग्रजांच्या फौजेबरोबर असलेल्या कावसजी नावाच्या मराठी बैलगाडीवानाला टिपू सुलतानाच्या माणसांनी पकडून त्याचं नाक कापलं. वर्षभराने पुण्याजवळच्या एका कुंभाराने त्याला नवं नाक करून दिलं. त्याने कपाळावरची कातडी नाकाच्या मापाने सोडवली, पण भुवयांच्या मधला तिचा देठ तोडला नाही. त्या देठातून रक्त येत राहिलं, त्यावर कातडी जगली, आणि ती नव्या जागी रुजल्यावर मग देठ कापला. इंग्रज डॉक्टरांनी हे स्वतः पाहिलं, आणि ऑक्टोबर १७९४ मध्ये लंडनच्या एका मासिकात ते चित्रासह छापून आलं. युरोपातली आधुनिक प्लास्टिक सर्जरी त्या बातमीने जागी झाली असं मानतात.

कुंभाराच्या त्या कातडीलाच आजचे सर्जन फ्लॅप म्हणतात. त्वचा, चरबी आणि कधी स्नायू यांचा तुकडा त्याच्या रक्तवाहिन्यांसकट हलवायचा. रोप उपटून दुसरीकडे लावलं तर सुकतं, मातीच्या गड्ड्यासकट उचललं तर जगतं, तसंच हे.

सर्वांत जुना आणि आपल्याकडे बऱ्याच ठिकाणी होणारा फ्लॅप पाठीचा. पाठीवरचा रुंद, चपटा स्नायू त्वचेसकट काखेखालून पुढे आणतात. देठ काखेतच राहतो, त्यामुळे रक्तवाहिन्या जोडाव्या लागत नाहीत आणि तो सहसा दगा देत नाही. स्तन मोठा हवा असेल तर नुसती पाठ पुरत नाही, सोबत इम्प्लांट लागतं. पाठीवर व्रण राहतो. खुर्चीच्या हातांवर जोर देऊन उठणं, शिडी चढणं, पोहणं यांत त्या बाजूचा जोर कमी जाणवतो. रोजच्या कामांना बहुतेक जणींची अडचण होत नाही.

दुसरा फ्लॅप पोटाचा. बेंबीखाली चरबीचा जो पट्टा पन्नाशीच्या बाईला नकोसा असतो, तो स्तनासाठी अगदी योग्य निघतो, कारण तो मऊ असतो, उबदार असतो आणि चालताना स्तनासारखाच हलतो. १९८० च्या दशकात तो पोटाच्या उभ्या स्नायूसकट वर नेत असत. त्यामुळे पोट कमजोर व्हायचं, कुणाला हर्निया व्हायचा. पुढे सर्जननी स्नायू जागेवर ठेवून त्याच्यातून जाणाऱ्या बारीक रक्तवाहिन्या तेवढ्या सोडवून घेण्याचं तंत्र बसवलं. त्याला डीआयईपी फ्लॅप म्हणतात, बोलताना डॉक्टर नुसतं 'डीप' म्हणतात. ह्यात देठ पूर्ण कापतात आणि दोन-तीन मिलिमीटर जाडीच्या रक्तवाहिन्या बरगडीजवळच्या रक्तवाहिन्यांना सूक्ष्मदर्शकाखाली केसाहून बारीक दोऱ्याने शिवतात. ऑपरेशन सहा-आठ तास किंवा जास्तही चालतं.

हे ऐकून घाबरायला होतं, पण हे कौशल्य आपल्याकडे नवीन नाही. तंबाखू-गुटख्यामुळे तोंडाचे कॅन्सर आपल्याकडे इतके, की पायाचं हाड काढून त्याचा जबडा करायचा आणि त्याच्या रक्तवाहिन्या मानेत जोडायच्या, हे परळच्या टाटा हॉस्पिटलसारख्या ठिकाणी रोजचं काम आहे. दुर्दैवाने आलेलं कौशल्य, पण आहे खरं. मात्र ते प्रत्येक जिल्ह्याच्या गावी मिळेलच असं नाही. त्यामुळे "तुमच्याकडे महिन्याला असे किती फ्लॅप होतात?" असं सर्जनना सरळ विचारावं. अनुभवी ठिकाणी शंभरात एक ते तीन फ्लॅप पूर्ण वाया जातात, आणि मग ते काढून दुसरा मार्ग धरावा लागतो.

"माझं सिझर झालंय", "माझं कुटुंबनियोजनाचं ऑपरेशन झालंय", ही अडचण खूप जणी सांगतात. त्याने बहुधा अडत नाही. आधी सीटी स्कॅन करून पोटातल्या रक्तवाहिन्यांचा नकाशा काढतात आणि मग ठरवतात. पोटाची चरबी आधी कापून काढलेली असेल तर मात्र हा मार्ग बंद. एकदम सडपातळ बाईच्या पोटावर पुरेसा ऐवज नसतो, मग मांडीचा वगैरे विचार होतो.

### मिश्रीचं काय?

ह्यावर स्वतंत्र लिहावं लागतं, कारण डॉक्टर "सिगरेट ओढता का?" असं विचारतात आणि आपल्या बायका खरंखरं "नाही" म्हणतात. सकाळी दाताला लावलेली मिश्री कुणी त्यात धरतच नाही. मिश्री म्हणजे भाजलेला तंबाखूच. त्यातलं निकोटिन रक्तवाहिन्या आकसवतं, आणि फ्लॅप तर रक्तवाहिन्यांवरच जगतो. इम्प्लांटवरची ताणलेली त्वचाही त्यांच्यावरच जगते. निदान महिनाभर आधीपासून आणि जखम भरेपर्यंत मिश्री, तपकीर, तंबाखूचं पान, सगळं बंद. डॉक्टरांनी विचारलं नाही तरी आपण होऊन सांगावं. लाजायचं कारण नाही.

### ऑपरेशननंतरचे दिवस

इम्प्लांटनंतर एक-दोन दिवसांत घरी सोडतात, पोटाच्या फ्लॅपनंतर चार-पाच दिवसांनी किंवा थोडं उशिरा. फ्लॅपनंतरचे पहिले दोन दिवस नर्स तासातासाला येऊन नव्या स्तनाचा रंग बघते, हाताने ऊब बघते, छोट्या यंत्राने रक्ताचा आवाज ऐकते. रक्तवाहिनीत गुठळी झाली तर लगेच पुन्हा ऑपरेशन थिएटरमध्ये नेऊन फ्लॅप वाचवता येतो. म्हणून रात्री तीनला झोपमोड झाली तरी कुरकुर करू नये.

जखमेतून नळ्या बाहेर काढलेल्या असतात आणि त्यांना डबे जोडलेले असतात. त्यांना ड्रेन म्हणतात. आत साठणारं पाणी त्यांतून बाहेर येतं. बऱ्याच जणी ते डबे घेऊनच घरी येतात. रोज किती पाणी आलं ते वहीत लिहायचं. चोवीस तासांत तीसएक मिलिलिटरपेक्षा कमी झालं की नळी काढतात, बहुधा एक-दोन आठवड्यांत. ह्या काळात समोरून उघडणारे, सैल गाऊन हवेत. माझ्या बहिणीने ड्रेनचे डबे ठेवायला नाडीची एक पिशवी शिवून कमरेला बांधली होती. सगळ्या वॉर्डात ती पिशवी गाजली.

पोटाचा फ्लॅप असेल तर आठवडाभर किंचित वाकून चालावं लागतं, कारण पोटाची शिवण ह्या कमरेपासून त्या कमरेपर्यंत असते. भारतीय पद्धतीच्या संडासात बसणं काही आठवडे जमत नाही, म्हणून घरी कमोड किंवा कमोडची खुर्ची आधीच आणून ठेवावी. भरलेली बादली, कुकर, नातवंड असलं काहीही साधारण सहा आठवडे उचलायचं नाही. काखेतल्या गाठी काढल्या असतील तर हाताचे व्यायाम शिकवतात, ते टाळले तर खांदा आखडतो. टॅमॉक्सिफेनसारखी हार्मोनवरची गोळी चालू असेल तर काही सर्जन ती ऑपरेशनच्या आधी थोडे दिवस थांबवतात, पण ती आपल्या मनाने थांबवू नये.

### "पूर्वीसारखा होईल ना?"

कपड्यांत, हो. उघड्यावर, नाही. हे आधीच स्पष्ट ऐकलेलं बरं, कारण पुनर्रचनेनंतरचं दुःख बहुतेक वेळा ह्याच प्रश्नाच्या गुळमुळीत उत्तरातून येतं.

आकार परत मिळतो. व्रण राहतात, वर्षभरात फिकट होतात. संवेदना मात्र बहुतांश जाते, कारण स्तन काढताना त्वचेच्या नसा कापल्या जातात. स्तनाग्र वाचवलं असलं तरी त्याला स्पर्श कळेलच असं नाही. काही जणींना पुढे थोडी जाणीव येते. ही बधिरता घरात धोक्याची ठरते. गरम पाण्याच्या पिशवीने छाती, किंवा फ्लॅप पोटाचा असेल तर पोट, शेकू नये. चटका बसलेला कळत नाही, आणि कळतं तेव्हा फोड आलेला असतो.

स्तनाग्र गेलं असेल तर काही महिन्यांनी तिथल्याच त्वचेच्या घड्या घालून नवं करता येतं आणि गोंदवून रंग देता येतो. घडीने केलेलं स्तनाग्र काळाने थोडं चपटं होतं. काही जणी नुसतं गोंदण करून घेतात, त्यात उंचवटा नसतो पण लांबून खरंच वाटतं. दोन्ही बाजू सारख्या दिसाव्यात म्हणून चांगल्या स्तनालाही कधी लहान करावं किंवा उचलावं लागतं. खळगा राहिला असेल तर दुसरीकडची चरबी काढून तिथे भरतात, त्यातली काही शरीर शोषून घेतं, म्हणून कधी पुन्हा भरावी लागते. म्हणजे एकूण दोन-तीन ऑपरेशनं आणि जवळजवळ वर्ष, असा हिशोब धरावा. आणि एक गंमत: पोटाच्या चरबीचा स्तन पोटाचा स्वभाव सोडत नाही. वजन वाढलं की तोही वाढतो.

### "कॅन्सर परत आला तर कळणार कसं?"

पुनर्रचनेमुळे कॅन्सर परत येण्याचा धोका वाढत नाही. तो परत आलाच तर बहुधा त्वचेत किंवा त्वचेच्या लगेच खाली येतो आणि हाताला लागतो. फ्लॅपमध्ये कधी चरबीची कडक गाठ होते, ती साधी असते, पण तसं ठरवायचं काम डॉक्टरचं. नव्या स्तनाची मॅमोग्राफी, म्हणजे स्तनाचा एक्स-रे, सहसा लागत नाही. दुसऱ्या स्तनाची मात्र डॉक्टर सांगतील तेव्हा चुकवू नये.

### "ह्या वयात कशाला?"

हे वाक्य सासूकडून, नवऱ्याकडून, कधी डॉक्टरकडूनही येतं. वयाची अशी मर्यादा नाही. तब्येत ऑपरेशन झेपण्यासारखी आहे का, एवढंच बघतात. साठीतल्या बाईलाही आरशात बघताना काही वाटतं, हे घरच्यांना पटवून द्यावं लागावं ह्याचं मला नवल वाटतं.

आणि नकोच म्हटलं तर? तोही पुरता शहाणपणाचा निर्णय आहे. मग सर्जनना आधी सांगावं की मला छाती सपाटच ठेवायची आहे. म्हणजे काखेकडे त्वचेचे लोंबते कोपरे न ठेवता ते नीट शिवतात. ब्राच्या आत ठेवायचा सिलिकॉनचा कृत्रिम स्तन बाजारात मिळतो, कापडी, हलकेही मिळतात. काकूंना मागच्या दिवाळीत मी म्हटलं, "अजूनही करता येतं." त्या हसल्या. म्हणाल्या, "आता ही घडीच माझी झालीय."

### पैसे आणि विम्याचा कागद

इम्प्लांटमध्ये वस्तूची किंमत मोठी, फ्लॅपमध्ये थिएटरचे तास आणि माणसं. सरकारी योजनेत काय बसतं, हे रुग्णालयात महात्मा फुले जनआरोग्य योजनेच्या खिडकीवर आरोग्यमित्र बसतात त्यांना ऑपरेशनची तारीख ठरण्याआधी विचारावं.

खासगी विमा असेल तर एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा. "कॉस्मेटिक सर्जरी आम्ही देत नाही" असं सांगून दावा नाकारला जाऊ शकतो. विमा नियामकाने ठरवून दिलेल्या वगळणुकींच्या मजकुरात, 'एक्सक्ल ०८' ह्या कलमात, कॉस्मेटिक किंवा प्लास्टिक सर्जरी वगळली आहे खरी, पण अपघात, भाजणं किंवा कॅन्सरनंतरची पुनर्रचना त्या वगळणुकीतून स्पष्टपणे बाहेर ठेवली आहे. आपल्या पॉलिसीत हे कलम शोधून खूण करून ठेवा. आधीच्या मंजुरीसाठी पाठवायच्या पत्रात डॉक्टरांना 'स्तनाच्या कॅन्सरसाठी केलेल्या मॅस्टेक्टॉमीनंतरची पुनर्रचना' असे शब्द लिहायला सांगा, आणि त्या पत्राची एक प्रत स्वतःकडे ठेवा.